धबधब्याच्या गावाला बंब किती लांब?

गोव्यातल्या हडफडेच्या नाइटक्लबमध्ये 6 डिसेंबर 2025 च्या मध्यरात्री आगीत 25 माणसं गेली आणि मग नेहमीचं सगळं रीतसर झालं. तपासणीचे आदेश निघाले, फायली उघडल्या, कुणाची सही कुठे आहे याचा शोध सुरू झाला. मेलेल्यांत बहुतेक क्लबचेच कर्मचारी होते, धुरात कोंडलेले. अरुंद वाटेमुळे बंब लांबच थांबवावे लागले. त्यावर भरपूर लिहून झालं आहे. पण त्याच गोव्याच्या उशाशी, घाटमाथ्यावर आंबोली आहे. तिथल्या लॉज, हॉटेलं आणि रिसॉर्टचं काय?

या प्रश्नाला मालवणीत उत्तर तयारच असतं: ‘हयसर कपडे सुकनत नाय, आग खय लागतली?’ महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एकाला हे बोलणं शोभतं. पण हॉटेलला आग लागते ती आतून, आणि तिथे पाऊस ती विझवत नाही. उलट पाऊस तिला मदतच करतो. भिंतींत ओल धरते, स्विचबोर्डात पाणी झिरपतं, पर्यटकांना गरम पाणी हवं म्हणून गिझर दिवसभर चालू राहतात. वीज गेली की जनरेटर, आणि त्याच्या शेजारीच डिझेलचा कॅन. स्वयंपाकघरात 19 किलोचे सिलिंडर. दारं-खिडक्या झडीपायी बंद असतील, तर गळलेला गॅस जाणार कुठे? तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो.

सगळ्यात घातक गोष्ट मात्र निरुपद्रवी दिसते: झड अडवायला गॅलरीला बांधलेली ताडपत्री. आणीबाणीत बाहेर पडायची वाट गॅलरीच असते, आणि जून ते सप्टेंबर ती सुतळीच्या गाठींनी बंद असते. मागच्या जिन्यात ओल्या चादरी वाळत पडलेल्या, खाली कोल्ड्रिंकचे क्रेट. कोलकात्यात एप्रिल 2025 मध्ये एका हॉटेलच्या आगीत 14 जण दगावले, बहुतेक गुदमरून. ज्वाळांच्या आधी धूर पोचतो, आणि धुराला वाट नसली की माणसालाही नसते.

कायदा आहे. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’ लागू झाला 6 डिसेंबर 2008 ला. आगीपासून बचावाची जबाबदारी त्याने थेट मालक आणि भोगवटादारावर टाकली. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, वर्षातून दोनदा द्यायचा: जानेवारीत आणि जुलैत. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आंबोली नक्कीच नसणार, पण जुलै म्हणजे इथला ऐन हंगाम. खोल्या भरलेल्या, ताडपत्र्या बांधलेल्या. परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगला महिना नाही. अट एवढीच की, दाखला देणाऱ्याने घाट चढून वर यायला हवं.

मेख तिथेच आहे. दाखला देते परवानाधारक एजन्सी, तिची फी देतो मालक, आणि तपासून घेणाऱ्याला कडक तपासणारा माणूस आवडेल अशी अपेक्षा करणं भाबडेपणाचं आहे. अग्निशमन अधिकाऱ्याला इमारत पाहण्याचा हक्क आहे. पण आंबोली ही ग्रामपंचायत. नगरपालिकेसारखं अग्निशमन दल तिच्या पदरी नाही, आणि राज्याच्या अग्निशमन संचालनालयाचं मुख्यालय मुंबईत, कलिन्याला.

कागद बाजूला ठेवला तरी आग विझवायचं नळकांडं बोलतं. पावडरच्या नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? पिन गंजून बसली आहे का? या हवेत बुडाला गंज धरायला वेळ लागत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला तर काटाच नसतो. ते भरलेलं आहे की रिकामं, हे वजन केल्यावरच कळतं. शेवटचं वजन कधी केलं, ते अंगावरच्या चिठ्ठीवर असायला हवं. आणि हे सगळं ठीक असलं, तरी रात्रपाळीच्या पोराला ते चालवता येतं का, हे कुणी विचारत नाही.

बंब यायचा सावंतवाडीहून, सुमारे 30 किलोमीटर, त्यातला बराचसा घाट. पावसाळ्यातल्या रविवारी मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग. एखाद्या रात्री दरड आली तर रस्ताच बंद. हडफडेला बंब निदान जवळपास पोचले होते. आंबोलीत पहिली दहा मिनिटं हॉटेलमधल्या माणसांनाच सांभाळावी लागणार. म्हणून इथली तपासणी शहरातल्यापेक्षा कडक हवी. प्रत्यक्षात ती जितकी लांब तितकी सैल होत जाते.

सावंतवाडी तालुक्यासाठी एखादा अग्निशमन अधिकारी जुलैत चार दिवस आंबोली-चौकुळ-गेळे पट्ट्यात मुक्कामी पाठवणं शासनाला जड नाही. तोवर पुढच्या वेळी खोली घेताना काउंटरवर दोन गोष्टी मागा: चालू वर्षाचा फॉर्म बी, आणि मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते त्याचं नाव.