दूरस्थ मैत्री आणि संपर्कसाधने

समाजशास्त्राच्या दृष्टीने मैत्री हा एक नाजूक संबंध आहे. नातेसंबंधास जन्म, विवाह आणि वारसा यांचा आधार असतो. दोन चुलतभाऊ दहा वर्षे परस्परांशी बोलले नाहीत तरी ते चुलतभाऊच राहतात. सोयरसुतक लागावयाचे ते लागतेच. मैत्रीच्या पाठीशी असा विधी नाही आणि कायदाही नाही. ती केवळ व्यवहाराने टिकते आणि व्यवहार थांबला की कोणतेही भांडण न होता विरून जाते. म्हणूनच संपर्कसाधनांचा दूरस्थ संबंधांवर काय परिणाम होतो हा प्रश्न नात्यापेक्षा मैत्रीच्या बाबतीत अधिक तीव्रतेने उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची थोडक्यात मांडणी करावयाची आहे.

प्रथम ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, दूरत्व म्हणजे केवळ मैलांची संख्या नव्हे. तिला एक किंमतही असते. रोलंड हिल यांनी 1837 साली ब्रिटिश टपालव्यवस्थेचा हिशेब मांडला, तेव्हा पत्र प्रत्यक्ष वाहून नेण्याचा खर्च अत्यल्प असून मुख्य खर्च हाताळणीचा व हिशेब ठेवण्याचा आहे, असे त्यांना आढळून आले. यातूनच 1840 मध्ये अंतरनिरपेक्ष एकच दर आला. हिंदुस्थानात हे तत्त्व 1854 साली लागू झाले व पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात कोठेही जाऊ लागले. 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. पुण्याहून ठाण्यास आणि पुण्याहून लाहोरास पत्र पाठविण्याचा खर्च सारखाच झाला, ही घटना सामाजिक दृष्ट्या सामान्य नव्हे.

तथापि साधनांचा इतिहास सरळ रेषेत पुढे जात नाही. तारेने वेग दिला, परंतु शब्दागणिक दाम घेतला. त्यामुळे 2013 साली बंद होईपर्यंत ती प्रायः निकडीचीच वाहक राहिली. दूरध्वनीने आवाज दिला, परंतु अंतराची किंमत पुन्हा आणली. कानपूर व लखनौ यांच्यामध्ये 1960 साली थेट दूरध्वनी सुरू झाला, तरी पुढे कित्येक वर्षे ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहणे हाच सर्वसामान्यांचा अनुभव होता. अंतर आणि दर यांची ही सांगड अलीकडे भ्रमणध्वनी व इंटरनेट यांनी बव्हंशी तोडली.

मग साधन स्वस्त झाले की मैत्री दृढ होते काय? क्लॉड फिशर यांनी कॅलिफोर्नियातील तीन गावांचा 1940 पर्यंतचा इतिहास तपासून 1992 साली ‘अमेरिका कॉलिंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दूरध्वनी कंपन्या प्रारंभी घरगुती गप्पांना यंत्राचा अपव्यय मानीत. लोकांनी मात्र ते यंत्र गप्पांसाठीच वापरले. फिशर यांच्या मते त्यामुळे समाजाची घडी मुळातून बदलली नाही; असलेले संबंध, विशेषतः स्थानिक संबंध, अधिक घट्ट झाले. तात्पर्य, साधन संबंधांची वृद्धी करते, परंतु त्यांचे बीज बहुधा अन्यत्र पेरलेले असते.

संपर्काचे स्वरूप मात्र साधनांगणिक बदलते. ख्रिस्तियन लिकोप यांनी 2004 मध्ये दोन पद्धतींमध्ये भेद केला. पहिलीत संभाषणे विरळ व दीर्घ असतात आणि वृत्तान्त सांगणे हा त्यांचा हेतू असतो. दुसरीत संपर्क वारंवार व अल्प असतो. तेथे काय सांगितले यापेक्षा आठवण झाली हे कळविणे महत्त्वाचे ठरते. आपल्या जुन्या पत्रांत नमस्कारानंतर ‘लिहिण्यास कारण की’ असे शब्द येत. पत्रास कारण लागे. आजच्या ‘सुप्रभात’ या संदेशास कारण लागत नाही. तो निरर्थक म्हणून हसण्यावारी नेला जातो, परंतु दुसऱ्या पद्धतीत त्याचा अर्थ त्याच्या मजकुरात नसून त्याच्या येण्यात आहे.

येथेच एक नवी अडचण उद्भवते. मिर्का मॅडियानू व डॅनियल मिलर यांनी परदेशी कामास गेलेल्या फिलिपिनो माता व त्यांची मुले यांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध केला. अनेक साधने हाताशी असली आणि प्रत्येक संदेशाचा वेगळा खर्च उरला नाही म्हणजे कोणते साधन निवडले यालाच नैतिक व भावनिक अर्थ प्राप्त होतो, असे त्यांनी दाखविले. पूर्वी मौनाचा दोष टपालावर अथवा दरावर ढकलता येई; आता तो मित्रावरच येतो. मातांविषयीचा हा निष्कर्ष मित्रांनाही लागू पडतो असे मानण्यास जागा आहे.

सॅम रॉबर्ट्स व रॉबिन डनबार यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेले संशोधन या संदर्भात उद्बोधक आहे. शाळा सोडून पुढे जाणाऱ्या 30 ब्रिटिश विद्यार्थ्यांचे त्यांनी 18 महिने निरीक्षण केले. या मुलांजवळ भ्रमणध्वनी होते. तरीही मित्रांविषयीची जवळीक घटत गेली. आप्तांविषयीची मात्र बरीचशी टिकून राहिली. मैत्रीची झीज रोखण्यास मुलींच्या बाबतीत संभाषण उपयोगी पडले. मुलांच्या बाबतीत एकत्र काही करणे अधिक परिणामकारक ठरले. नमुना लहान असल्यामुळे या निष्कर्षाचा विस्तार बेताने करावा. परंतु साधन हाती असणे आणि मैत्री टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

सारांश, तंत्रविद्येने अंतराची किंमत जवळजवळ शून्यावर आणली. अवधानाची किंमत तिला कमी करता आलेली नाही. दिवसाचे तास तेवढेच आहेत आणि ते कोणास द्यावयाचे हा निर्णय माणसालाच करावा लागतो. आपल्याकडे या विषयाच्या अभ्यासास सामग्रीची वाण नाही. घराघरांत जपलेली पत्रे, वसतिगृहांतील विद्यार्थ्यांचे संपर्कव्यवहार आणि परदेशस्थ मराठी मित्रमंडळांचे संदेशगट ही तीन क्षेत्रे तुलनात्मक अभ्यासास योग्य आहेत. त्यांपैकी पहिले दिवसेंदिवस रद्दीत जात आहे. म्हणून संशोधकांनी संबंधितांच्या संमतीने त्याचा आधी विचार करावा, हे उचित.