नाचरे पाय दुखतात तेव्हा...

बालमित्रांनो, स्नेहसंमेलन जवळ आलं की शाळेत काय धांदल उडते! तालमी रंगतात आणि चार दिवसांत पायही बोलू लागतात. नव्या मेहनतीनं पोटऱ्या दुखणारच. विश्रांती घेतली की दोन-तीन दिवसांत त्या मोकळ्या होतात. पण महिना झाला तरी टाच दुखतेच आहे आणि तुम्ही गप्प आहात. का? तर बाई नाचातून काढून टाकतील म्हणून! खरं ना?

यवतमाळ जिल्ह्याचंच बघा. झरी-जामणी, मारेगावकडच्या कोलाम-गोंड गावांत दिवाळीच्या सुमारास दंडार रंगते. पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर होळीला बंजारा मंडळी फेर धरतात. हे नाच बहुतेक मातीच्या अंगणात होतात. माती थोडी दबते आणि पावलाचा धक्का सोसून घेते. शाळेचा हॉल मात्र सिमेंटचा किंवा फरशीचा. फरशी काही दबत नाही. मग सगळा धक्का कोण सोसणार? तुमचा अनवाणी पाय! त्यात पायांत घुंगरांचं ओझं असेल तर बघायलाच नको.

एका पायात 26 हाडं असतात, बरं का! दुखतं कुठे आणि केव्हा, यावरून बराच अंदाज येतो.

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताच टाचेखाली कळ येते आणि थोडं चालल्यावर कमी होते? मग तळपायाचा ताठ पडदा ताणला गेला असावा. हे मोठ्यांमध्ये जास्त दिसतं. साधारण 8 ते 14 वर्षांच्या मुलांत टाचेच्या मागच्या बाजूला दुखतं. तिथलं हाड अजून वाढत असतं आणि पोटरीचा स्नायू त्याला ओढत असतो. वाढ पूर्ण झाली की हे दुखणं जातं.

तिसरा प्रकार मात्र फसवा. चवड्याजवळच्या हाडावर बोट ठेवलं की नेमक्या एकाच जागी दुखतं आणि नाचताना ते वाढत जातं. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायांत हेच दुखणं पाहिलं होतं. गंमत म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेमध्ये दिसत नाही असंही होतं. म्हणून 'फोटोत काही नाही' म्हणून लगेच नाचायला लागू नका. चीर भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात.

मग करायचं काय? आधी उड्या आणि ठेके बंद. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा. टाच किंवा तळपाय दुखत असेल तर भिंतीला हात टेकवा, एक पाय मागे घ्या, टाच जमिनीवरच ठेवा आणि पोटरीला ताण द्या. तीस सेकंद थांबा. असं तीनदा. एरवी मऊ तळव्याची चप्पल घाला. वेदनाशामक गोळी घेऊन नाचणं मात्र साफ चूक! गोळीनं कळ दबते, चीर तशीच राहते.

आईबाबा, आता थोडं तुमच्यासाठी. मूल लंगडत असेल, पाय सुजला असेल, रात्री दुखत असेल किंवा दोन आठवड्यांच्या विश्रांतीनंतरही फरक पडत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही सोय आहे. आणखी एक. विदर्भात सिकलसेलचा आजार आढळतो. नाच थांबवूनही हातपाय वारंवार दुखत असतील, थकवा येत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी करून घ्या. चोळत बसू नका.

नाच बसवणाऱ्या बाई-सरांनीही तालमीआधी अंग मोकळं करून घ्यावं, फरशीवर जाड सतरंजी ताणून घट्ट बसवावी आणि मध्ये सुट्टीचा दिवस ठेवावा.

आणि मित्रांनो, दुखतंय हे सांगायला लाजू नका. वेळेवर सांगितलंत तर फार तर एक संमेलन हुकेल. लपवलंत तर पुढची कितीतरी हुकतील!