विश्लेषण : इमारतीत हॅम रेडिओ नेमका कुठे बसवावा?

मोबाइलचे मनोरे बंद पडले, तरी हॅम रेडिओ चालतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून बाहेर संदेश पोहोचवण्यात हॅमचा मोठा वाटा होता. म्हणूनच काही सोसायट्या आपत्तीसाठी असा संच ठेवण्याचा विचार करतात. पण जागा चुकली, तर ऐन वेळी तोही मुका होतो.

तळघर किंवा मीटर रूम का नको?

ही जागा रिकामी असते, म्हणून आधी तीच सुचवली जाते. मात्र पाणीही सर्वांत आधी तिथेच शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा दिवशी तळाशी ठेवलेला संच आणि बॅटरी दोन्ही निकामी होतात.

केबल लांब असली तर काय बिघडते?

अँटेना गच्चीवर असते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पातळ ‘आरजी-५८’ केबल ३० मीटर, म्हणजे साधारण दहा मजले, खाली नेली तर सुमारे तीन चतुर्थांश शक्ती वाटेतच वाया जाते. २५ वॅटच्या संचातून अँटेनापर्यंत जेमतेम ६ वॅट पोहोचतात. बाहेरून येणारा क्षीण आवाजही तसाच दबतो. जाड केबलने ही घट कमी होते, पण खर्च वाढतो.

मग थेट गच्चीवर?

पत्र्याची शेड उन्हात तापते, पावसात गळते. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. लिफ्टची मशीन रूम जवळ असली, तरी मोटरमुळे रेडिओत खरखर येऊ शकते. शिवाय ती देखभालीसाठी मोकळी ठेवावी लागते.

योग्य जागा कोणती?

वरच्या मजल्यावरची, जिन्यालगतची, कोरडी, हवेशीर आणि कुलूप लावता येईल अशी खोली. लिफ्ट बंद असताना परवानाधारकाला तिथे जिन्याने पोहोचता आले पाहिजे. अँटेनाच्या खांबाला अर्थिंग हवेच. केबललाही आत येण्यापूर्वी वीजरोधक बसवावा.

परवानगी कोणाची?

संच चालवणाऱ्याकडे केंद्रीय दूरसंचार विभागाचा परवाना हवा. गच्ची सामाईक असल्याने सोसायटीची लेखी संमतीही घ्यावी.

जागा पक्की करण्यापूर्वी खोलीचा मेन स्विच बंद करून, केवळ बॅटरीवर शहरातील दुसऱ्या हॅमशी बोलून पाहावे. आवाज स्पष्ट पोहोचला, तरच भिंतीला भोक पाडावे.