भगंदर : बरा झाला, हे केव्हा म्हणावे?

दरवर्षीच्या अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, देणग्या आणि जमाखर्च यांचे तक्ते आम्ही आपणांसमोर ठेवतो. यंदा त्यासोबत एका आजाराविषयी सविस्तर लिहावे, असे विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठरले. त्यास निमित्त झाले एका ज्येष्ठ देणगीदारांच्या प्रश्नाचे. भगंदराची शस्त्रक्रिया झालेला एक रुग्ण काही महिन्यांनी त्याच तक्रारीसाठी पुन्हा दाखल झालेला त्यांनी पाहिला होता. "मग पहिल्या खेपेचा पैसा वाया गेला असे समजायचे का?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. हे लिहिणारे आम्ही प्रशासन विभागातील, वाणिज्य शाखेत शिकलेले. वैद्यकाचा अधिकार आमचा नाही. तेव्हा आमच्या शल्यचिकित्सकांकडून समजून घेऊन व प्रसिद्ध झालेले संशोधन पाहून हे उत्तर देत आहोत.

गुदद्वाराच्या आतील बाजूस सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांपैकी एखादीत जंतुसंसर्ग होऊन गळू होते. ते गळू फुटते किंवा चिरावे लागते आणि अनेकांना तेवढ्यानेच आराम पडतो. काहींच्या बाबतीत मात्र आतील छिद्रापासून बाहेरच्या त्वचेपर्यंत एक नळीसारखा मार्ग तयार होतो व त्यातून पू झिरपत राहतो. हाच भगंदर. सुश्रुताने त्याचे पाच प्रकार सांगितले असून बऱ्या होण्यास कठीण अशा आठ महारोगांत त्याची गणना केली आहे. कठीण का, याचे उत्तर शरीररचनेत आहे. हा मार्ग पुष्कळदा मलविसर्जनावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूंमधून जातो. स्नायू फार कापला तर तो ताबा जाण्याचा धोका. जपून कापला तर मार्गाचा अंश मागे राहून रोग परतण्याचा धोका. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स यांनी १९७६ साली ४०० रुग्णांच्या अभ्यासावरून केलेले भगंदराचे वर्गीकरण आजही जगभर वापरतात, तेही मार्ग आणि स्नायू यांच्या याच संबंधावर आधारलेले आहे.

या सेंट मार्क्सविषयी थोडे विषयांतर आमच्या देणगीदारांस रुचेल. १८३५ साली फ्रेडरिक सामन या शल्यचिकित्सकाने भगंदर व गुदरोगांनी पीडित गोरगरिबांसाठी ते लोकांच्या देणग्यांवर सुरू केले, तेव्हा तेथे अवघ्या सात खाटा होत्या. याच सामन यांनी १८४१ मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्यावर भगंदराची शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती.

आपल्याकडील संशोधनाची कथा वाराणसीस सुरू होते. क्षारसूत्राचा, म्हणजे औषधी लेप दिलेल्या दोऱ्याचा, उल्लेख प्राचीन ग्रंथांत आहे. परंतु प्रत्यक्ष व्यवहारातून तो जवळजवळ लोपला होता. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात तो पुन्हा वापरात आणला आणि १९७३ साली देशपांडे व शर्मा यांनी २०० रुग्णांचा पाठपुराव्यासह वृत्तांत एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केला. दोरा तयार करण्याची प्रमाणित कृती अशी : सुती वा तागाच्या मजबूत दोऱ्यास निवडुंगाच्या जातीतील स्नुहीच्या चिकाचे ११ लेप, मग चीक व आघाड्याचा क्षार यांचे ७, शेवटी चीक व हळद यांचे ३, असे एकूण २१ लेप. प्रत्येक लेपानंतर दोरा वाळवावा लागतो. हा दोरा भगंदराच्या मार्गातून ओवून बांधतात व दर आठवड्यास बदलतात. तो मार्ग सावकाश कापीत जातो आणि मागची जागा त्याच वेळी भरून येत राहते.

परंतु २०० रुग्ण बरे झाले, एवढ्यावरून दुसऱ्या उपचारापेक्षा हा चांगला, असे म्हणता येत नाही. त्यासाठी तुलना लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील चार केंद्रांत सुमारे ५०० रुग्णांवर ती केली. कोणास क्षारसूत्र व कोणास शस्त्रक्रिया, हे डॉक्टरांच्या वा रुग्णाच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविण्यात आले. निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेची जखम चार आठवड्यांत भरली, क्षारसूत्रास आठ आठवडे लागले. मात्र पुढील काळात रोग परतण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के, तर क्षारसूत्रानंतर ४ टक्के आढळले.

आम्हां हिशेबनिसांना यातील मर्म चटकन कळते. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस वही बंद केली असती तर शस्त्रक्रिया फायद्यात दिसली असती. वही उघडी ठेवली म्हणून ताळेबंद उलटा निघाला. क्षारसूत्र प्रत्येकास योग्य, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. आपल्या देशात क्षयरोगामुळेही भगंदर होतो; तेथे ना चाकू पुरा पडतो ना दोरा, क्षयाची औषधेच घ्यावी लागतात. म्हणून काढलेला ऊतीचा तुकडा तपासणीस पाठविण्याचा आग्रह आमचे डॉक्टर धरतात. नातेवाइकांनी त्या खर्चास नाहक म्हणू नये, ही विनंती.

एमआरआय तपासणीबाबतही हाच गैरसमज आढळतो. भगंदर परत उलटलेल्या ७१ रुग्णांचा एक ब्रिटिश अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एमआरआयमध्ये दिसलेल्या गोष्टी नेहमी विचारात घेऊन शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या रुग्णांत रोग पुन्हा परतण्याचे प्रमाण १६ टक्के होते. त्याकडे नेहमीच दुर्लक्ष करणाऱ्यांच्या रुग्णांत ५७ टक्के. अभ्यास लहान आहे, हे मान्य. तरी आतला फाटा न दिसल्यामुळे दोन-तीनदा शस्त्रक्रिया करावी लागण्यापेक्षा एक तपासणी स्वस्त, असे आमचे मत आहे.

नवे ते उत्तमच असेल, या समजासही संशोधनाने चाप लावला आहे. भगंदराच्या मार्गात जैविक बूच बसविण्याची पद्धत मध्यंतरी फार गाजली. ब्रिटनमध्ये ३०४ रुग्णांवर बूच आणि शल्यचिकित्सकाच्या पसंतीची अन्य शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. वर्षभरानंतर दोन्हीकडे भगंदर भरून आलेले रुग्ण निम्म्याहून किंचित अधिक, जवळजवळ सारखेच निघाले. क्रोन या आतड्याच्या विकारातून होणाऱ्या भगंदरासाठी दात्याच्या चरबीतील मूलपेशी टोचण्याचा उपचार आला. २१२ रुग्णांवरील चाचणीत तो सरस ठरला आणि २०१८ साली युरोपात त्यास परवानगी मिळाली. पुढे पाचशेहून अधिक रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. २०२३ मध्ये तिचा निकाल आला, तेव्हा औषध नसलेले इंजेक्शन दिलेल्या गटापेक्षा फारसा फरक आढळला नाही. २०२४ च्या अखेरीस ते औषध युरोपच्या बाजारातून काढून घेण्यात आले. अशा उपचारांसाठी यंत्रे वा औषधे देऊ करणाऱ्या हितचिंतकांस आम्ही कधीकधी 'थोडे थांबू या' असे का म्हणतो, ते यावरून ध्यानी यावे.

आमच्या रुग्णांपैकी कोणास मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली की घरची मंडळी घाबरून आमच्याकडे येतात. ती भीती निराधार नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यावर १६८६ साली भगंदराची शस्त्रक्रिया झाली, तत्पूर्वी त्याच्या शल्यचिकित्सकाने गरीब रुग्णांवर हात बसवून घेतला, असे इतिहास सांगतो. त्या गरिबांना कोणी विचारले नव्हते. आज विचारावे लागते. नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णाची समजून दिलेली लेखी संमती आवश्यक असते. भारतातील वैद्यकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून चाचणीची तेथे नोंद करणे बंधनकारक झाले. नातेवाइकांनी नोंदणी क्रमांक निःसंकोच मागावा. नकार दिल्यास नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

आता आपल्या परिसराविषयी. 'अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपण हसत म्हणतो. पण उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथून येणारे कित्येक रुग्ण हे दुखणे वर्षानुवर्षे घरच्यांपासूनही लपवितात. दरम्यान विनाशस्त्रक्रिया हमखास गुण देणाऱ्यांच्या भिंतीवरील जाहिराती त्यांना गाठतात. आमच्यापर्यंत पोहोचल्यावर उपचार होतात, निर्धन रुग्ण निधीतून बिलही भागते. परंतु बुडालेला रोज आणि लोकलमध्ये उभ्याने केलेला प्रवास कोणत्याही बिलात येत नाही. आठ आठवडे म्हणजे आठ खेपा.

उल्हासनगर कॅम्पातील जीन्सच्या कारखान्यात शिलाईकाम करणारे एक गृहस्थ पाचव्या खेपेनंतर आले नाहीत. दूरध्वनी केला, तेव्हा उत्तर मिळाले, "साहेब, दुखायचं थांबलं, आणि मंगळवारी सुट्टी घेतली की नगावरची मजुरी जाते." दोष त्यांचा नव्हता, दोरा बदलण्याचा वार आम्ही आमच्या सोयीने ठेवला होता. दोन महिन्यांनी ते पुन्हा पू घेऊन आले व सारे पहिल्यापासून करावे लागले.

त्यानंतर दोरा बदलण्याची वेळ रविवारी सकाळी ठेवली. भगंदराच्या रुग्णांसाठी स्वतंत्र नोंदवही केली. तीत घरी सोडल्याच्या तारखेपुढे तीन, सहा आणि बारा महिन्यांचे रकाने आहेत. दूरध्वनी करण्यास एक परिचारिका नेमली असून तिचे मानधन व गरजू रुग्णांचे प्रवासभाडे यांसाठी वेगळा पाठपुरावा निधी उघडला आहे. या निधीतून इमारत उभी राहत नाही, संगमरवरी पाटीवर नावही कोरले जात नाही. त्यामुळे तो मागताना आम्हांस थोडा संकोच होतो, तरी मागत आहोत. बारा महिन्यांचा रकाना भरल्याखेरीज कोणत्याही रुग्णाची नोंद 'बरा' या सदरात करू नये, असे ठरविले आहे. त्यामुळे यंदाच्या तक्त्यात भगंदराचे बरे झालेले रुग्ण पूर्वीपेक्षा कमी दिसतील.

शिलाईकाम करणाऱ्या त्या गृहस्थांचे सहा महिन्यांपर्यंतचे रकाने भरले आहेत. बारा महिन्यांचा येत्या आषाढात भरावयाचा आहे.