आत्मविश्वास कमी म्हणून ताण, की ताणामुळे आत्मविश्वास कमी?

‘कर्मचाऱ्यांचा आत्मविश्वास आणि कामाचा ताण’ हा विषय संशोधनासाठी बरेच जण घेतात. दोन प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, सहसंबंध काढायचा आणि तो ऋण आला की निष्कर्ष लिहायचा: आत्मविश्वास वाढवा, ताण कमी होईल. इथे जरा थांबा.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे ट्रॅकमन रात्री रुळांवरून चालत गस्त घालतात. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि सुमारे ५० जण दगावले. या कामात जोखीम काय आहे, हे वेगळं सांगायला नको.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘स्वक्षमता’ ही संकल्पना मांडली. म्हणजे काय, तर ‘हे काम मला जमेल’ हा विश्वास. तो मुख्यतः आधी काम जमल्याच्या अनुभवातून येतो. दहा पावसाळे काढलेल्या ट्रॅकमनला म्हणूनच धास्ती कमी वाटू शकते. पण छातीतली धडधड, घाम यांचा अर्थ माणूस ‘मला जमत नाही’ असाही लावतो, हेही बांडुरांनीच सांगितलंय. थोडक्यात, बाण दोन्हीकडे जातो. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून त्याची दिशा कळत नाही.

दुसरी गोष्ट, कामाची रचना. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की कामाचा भार जास्त आणि निर्णयाचं स्वातंत्र्य कमी असेल तिथे ताण वाढतो. गस्तीचा पट्टा किती लांब, सोबतीला कोणी आहे का, विश्रांती किती, यावर ताण आणि आत्मविश्वास दोन्ही अवलंबून असू शकतात.

तिसरी गोष्ट सहसा निसटते. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ ची ताणमापन प्रश्नावली बरेच जण वापरतात. स्वतःच्या अडचणी हाताळण्याचा विश्वास किती वाटला, असा एक प्रश्न तिच्यातच आहे! मग आत्मविश्वासाशी तिचा ऋण संबंध थोडाफार येणारच.

म्हणून आराखडा करतानाच तीन गोष्टी ठरवा: काही महिन्यांच्या अंतराने दोनदा मोजमाप घ्या, कामाचे तास आणि निर्णयाचं स्वातंत्र्य नोंदवा, आणि दोन्ही प्रश्नावल्यांतले प्रश्न शेजारी ठेवून वाचा. नाहीतर तुमचा अहवाल वाचून साहेब एक प्रेरणादायी व्याख्यान ठेवतील, गस्तीचा पट्टा तेवढाच राहील, आणि ताण आला तर दोष ट्रॅकमनच्या माथी बसेल.