अंतराळवीरांवरील स्मारक टपाल तिकिटे

अंतराळवीरांवरील स्मारक टपाल तिकिटे म्हणजे मानवाच्या अंतराळप्रवासाच्या गौरवार्थ निरनिराळ्या देशांच्या टपाल खात्यांनी काढलेली तिकिटे होत. नित्य वापराची तिकिटे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापली जातात; स्मारक तिकीट मात्र एखाद्या प्रसंगानिमित्त मर्यादित संख्येत निघते. भारताने १९६९ आणि १९८४ मध्ये काढलेली या विषयावरील तिकिटे उल्लेखनीय आहेत. दोन्हींच्या शीर्षकात अंतराळवीराचे नाव नाही.

पार्श्वभूमी

अंतराळप्रवाशांपैकी तिकिटावर आधी स्थान मिळाले ते लायका या कुत्रीला. रुमानियाने १९५७ मध्येच तिचे चित्र छापले. एप्रिल १९६१ मध्ये युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून परतताच सोव्हिएत संघाने त्यांचे तिकीट काढले. अमेरिकेत मात्र हयात व्यक्तीला तिकिटावर स्थान न देण्याचा संकेत होता. त्यामुळे जॉन ग्लेन यांच्या उड्डाणाच्या दिवशी, २० फेब्रुवारी १९६२ रोजी, निघालेले तिकीट ‘प्रोजेक्ट मर्क्युरी’ या मोहिमेच्या नावाने होते. पॉल कॅले यांनी रेखाटलेल्या ९ सप्टेंबर १९६९ च्या चांद्रतिकिटावरही नील आर्मस्ट्राँग यांचे नाव नाही. विशेष म्हणजे या तिकिटाचा मूळ ठसा अपोलो-११ यानातून चंद्रापर्यंत जाऊन आला होता.

भारतीय तिकिटे

भारताचे ‘चंद्रावरील पहिला मानव’ हे २० पैशांचे तिकीट १९ नोव्हेंबर १९६९ रोजी प्रसिद्ध झाले. त्यावर चंद्रभूमीवर चालणारा अंतराळवीर दिसतो. योगायोग असा, की त्याच दिवशी अपोलो-१२ चंद्रावर उतरले. त्या काळी भारताची तिकिटे नाशिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या या मुद्रणालयामुळे भारतीय तिकिटांचा इतिहास महाराष्ट्राशी कायमचा जोडला गेला आहे.

राकेश शर्मा हे पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र. ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ यानातून युरी मालिशेव आणि गेनादी स्त्रेकालोव यांच्यासह ते अंतराळात गेले. त्याच दिवशी भारतीय टपाल खात्याने ३ रुपयांचे तिकीट काढले. ते भारत-सोव्हिएत संयुक्त मानवी अंतराळ उड्डाणाचे होते. गौरव उड्डाणाचा झाला, उड्डाण करणाऱ्याचे नाव शीर्षकाबाहेर राहिले. पुढे १९८७ पासून काही वर्षे शर्मा हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात, म्हणजे नाशिक रोडच्या मुद्रणालयापासून फार दूर नसलेल्या ओझर येथे, मुख्य चाचणी वैमानिक होते.

संकेत आणि अपवाद

हयात व्यक्तीवर तिकीट न काढण्याचा संकेत भारतातही सामान्यतः पाळला जातो. कीर्ती काळाच्या कसोटीवर उतरल्याखेरीज तिच्यावर शासनाची मुद्रा उमटू नये, असे त्याचे समर्थन करता येते. तथापि हा संकेत अभंग नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या शंभराव्या वाढदिवशी, १८ एप्रिल १९५८ रोजी, ते हयात असताना तिकीट निघाले. १९६० मध्ये विश्वेश्वरय्या आणि २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर यांनाही हा मान मिळाला. म्हणजे १९८४ मध्ये अपवादाचा मार्ग उपलब्ध होता; त्याचा अवलंब झाला नाही, एवढेच.

२०११ मध्ये सुरू झालेल्या ‘माय स्टॅम्प’ योजनेत कोणाही नागरिकाला शुल्क भरून तिकिटाशेजारी स्वतःचे छायाचित्र छापून घेता येते. अशी तिकिटे टपालासाठी ग्राह्य असली, तरी स्मारक तिकिटांत त्यांची गणना होत नाही.