एक पेटी, अनेक किल्ल्या

वऱ्हाडातील गावांत पूर्वी वसुलीचे काम पाटलाकडे आणि हिशेबाचे दप्तर पटवाऱ्याकडे असे. या दोन्ही पदांसंबंधीचा ‘बेरार पटेल व पटवारी कायदा’ १९०० साली झाला. पैसा एकाच्या हाती आणि नोंद दुसऱ्याच्या हाती असल्यामुळे काही बिघडले तर कोणाला विचारावयाचे, हे गावाला ठाऊक असे. आता कागदाच्या दप्तराशेजारी संगणकीय दप्तर आले आहे. ते कोणी उघडावे, त्यात कोणी लिहावे आणि कोणी केवळ पाहावे, हा जुनाच प्रश्न त्याबरोबर घरात व कार्यालयात आला आहे.

नेटवर्क स्टोरेज ही राउटरला जोडलेली, आत एक वा अधिक हार्ड डिस्क असलेली लहानशी पेटी होय. वडील अकोटला, मुलगी अमरावतीस शिकावयास व मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास, अशा कुटुंबाला तिचा उपयोग सहज पटतो. सातबारा, आठ-अ, खरेदीखताची स्कॅन केलेली प्रत, गुणपत्रिका, लग्नाची छायाचित्रे असे सर्व एका ठिकाणी राहते. शाळेला किंवा लहान कार्यालयालाही ती तितकीच सोयीची आहे.

अडचण येते ती पेटी बसविल्यानंतर. बसविणारा तंत्रज्ञ ‘अ‍ॅडमिन’ या नावाचे एक खाते व एक पासवर्ड देऊन जातो आणि घरातील पाचही जण तोच वापरू लागतात. पुढे एके दिवशी जमिनीच्या कागदांचा फोल्डर नाहीसा होतो. पेटी आपली नोंदवही इमानाने ठेवते, परंतु तीत एवढेच आढळते की ‘अ‍ॅडमिन’ने तो पुसला. पाच जणांचे नाव एकच असेल तर त्या नोंदीला काय अर्थ उरला?

यास्तव प्रथम प्रशासकाचे खाते वेगळे काढावे व ते केवळ व्यवस्थेच्या कामापुरतेच उघडावे. पेटी सांभाळणाऱ्यानेही रोजच्या वापरासाठी स्वतःचे साधे खाते ठेवावे. इतर प्रत्येकास त्याच्या नावाचे खाते द्यावे आणि फोल्डरनिहाय अधिकार ठरवावेत. जमिनीच्या कागदांत वडिलांनी भर घालावी, मुलांनी ते वाचावेत. छायाचित्रांत सर्वांनी भर घालावी. माणसे अधिक असल्यास गट करणे सोयीचे. शाळेत ‘शिक्षक’ हा गट केला की नव्या शिक्षकास त्यात घालताच सर्व अधिकार लागू होतात. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. अनेक पेट्यांत मनाई ही परवानगीपेक्षा वरचढ असते. एखाद्यास स्वतःच्या नावे परवानगी असूनही त्याच्या गटास मनाई असेल, तर फोल्डर उघडत नाही आणि दोष मात्र पेटीला दिला जातो.

पासवर्ड लांब असावा. तो दरमहा बदलण्याची सक्ती मात्र निरुपयोगी होय. अशा सक्तीने माणसे शेवटचा आकडा तेवढा बदलतात. अमेरिकेच्या प्रमाण संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात नियतकालिक बदलाची सक्ती नको, असेच सांगितले. जुलै २०१९ मध्ये सिनॉलॉजी कंपनीच्या अनेक पेट्यांवर हल्ले झाले. आज्ञावलीतील उणीव हे त्याचे कारण नव्हते. प्रशासक खात्याचे सोपे पासवर्ड अंदाजाने शोधून आतील फाईली कुलूपबंद करण्यात आल्या व खंडणी मागण्यात आली. ‘अ‍ॅडमिन’ हे मूळ नाव बंद करणे आणि मोबाइलवरील सांकेतिक आकड्याची दुसरी पायरी लावणे, हे यावरील साधे उपाय होत.

तथापि खाती नीट केली म्हणजे सर्व झाले, असे नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या पेट्या दूरवरून रिकाम्या केल्या गेल्या. पासवर्ड न विचारताच पेटी मूळ स्थितीत आणता येईल, अशी त्रुटी त्यांत होती. सबब आज्ञावली अद्ययावत ठेवावी आणि महत्त्वाच्या कागदांची आणखी एक प्रत पेटीबाहेर असावी. शिवाय बऱ्याच पेट्यांच्या मागे एक बारीक छिद्र असते. त्यातील कळ काही सेकंद दाबली की प्रशासकाचा पासवर्ड पुसला जातो. म्हणून पेटी कार्यालयाच्या दर्शनी टेबलावर ठेवू नये. बंद कपाटही नको, कारण वऱ्हाडातील मे महिन्याचा उन्हाळा तिला सोसवत नाही.

ग्रामपंचायतींत हाच प्रश्न अधिक गंभीर होतो. ई-ग्रामस्वराज प्रणालीत देयकाची मांडणी एकाने व मंजुरी दुसऱ्याने, आपापल्या डिजिटल स्वाक्षरीने करावयाची असते. दोन्ही स्वाक्षऱ्यांची उपकरणे पासवर्डसह संगणक चालकाच्या खणात पडून असतील, तर पाटील व पटवारी एकच झाले म्हणावयाचे! दुसऱ्याचा पासवर्ड वा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क अन्वये गुन्हा असून, त्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु चौकशीत पहिला प्रश्न, ज्याच्या नावाची स्वाक्षरी आहे, त्यालाच विचारला जातो.

बदली झाल्यावर कार्यभाराच्या यादीत खात्यांचाही उल्लेख असावा. गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते लगेच पुसू नये, बंद करावे. म्हणजे जुन्या नोंदींतील नाव ओळखता येते. घरी पेटी सांभाळणारे एकटे वडील असतील, तर त्यांच्या पश्चात कुटुंबच बाहेर राहावयाचे. प्रशासकाचा पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफा बंद करून तो खरेदीखताच्या मूळ प्रतीजवळ ठेवावा, आणि लिफाफा कोठे आहे हे घरातील आणखी एकास सांगून ठेवावे.